कमरपट्ट्याचा सात

दर शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला ऑर्व्हिल बोदनार सेंट मायकेलच्या चर्चमागून निघायचा आणि पाऊण मैल चालत युनियनच्या हॉलमध्ये तळलेले मासे खायला जायचा. डावा गुडघा धड नव्हता, तरी पाऊस असो की बर्फ, त्याचं चालणं चुकलं नाही. कोलबर्न गावात त्याचं फार कौतुक होतं. बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकवायच्या, बघा, बासष्टाव्या वर्षी माणूस कसा चालतो, आणि तुम्हाला टपालपेटीपर्यंत जायला गाडी लागते.

हे कौतुक ऑर्व्हिल खाली मान घालून ऐकायचा. तो विनय आहे असं लोकांना वाटत असावं, अशी त्याची समजूत होती.

खरं कारण चर्चमागे मेपलच्या झाडाखाली उभं असायचं. करड्या रंगाची, चार दारांची, बारा वर्षं जुनी जपानी गाडी.

कोलबर्न हे अमेरिकेतल्या फ्लिंट या मोटारींच्या शहरापासून अर्ध्या तासावरचं गाव. इथे ज्याचा बाप मोटारीच्या कारखान्यात नव्हता, त्याचा काका तरी होताच. ऑर्व्हिलने स्वतः तेहेतीस वर्षं इंजिनांच्या कारखान्यात काढली होती, सिमेंटच्या फरशीवर उभ्याने. गुडघा त्या फरशीने खाल्ला आणि अर्धे कान यंत्रांनी. पण उरलेल्या अर्ध्या कानांवर तो अंगणात डोळे मिटून बसायचा आणि रस्त्यावरून गेली ती गाडी कोणती, तिचा कोणता सिलिंडर कुरकुरतोय, हे सांगायचा. सहसा चुकत नसे.

त्याची स्वतःची गाडी १९७० सालची. आठ सिलिंडर, लांब नाक, दोन दारं, पिकल्या आलुबुखारासारखा जांभळा रंग, म्हणून नाव जांभळी. ती सुरू झाली की लॉरेटाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, कपाटातल्या बशा किणकिणायच्या. तिच्यातला कुठला तरी तुकडा आपल्या हातांखालून गेलाय अशी ऑर्व्हिलची खात्री होती, आणि ही खात्री तपासून बघायला तो कधी गेला नाही. अशा जुन्या दांडग्या गाड्या पाळणाऱ्यांचा गावात एक क्लब होता. एकोणीस वर्षं ऑर्व्हिल त्याचा अध्यक्ष होता.

पण गावाला तो जास्त माहीत होता त्याच्या अक्षरामुळे. गावाबाहेर शर्यतीसाठी पाव मैलाची सरळ वाट होती. उन्हाळ्यात दर रविवारी तिथे दोन-दोन गाड्या शेजारी उभ्या राहून धावायच्या. तिथला नियम असा की आपली गाडी किती सेकंदांत ही वाट संपवेल, तो आकडा प्रत्येकाने आधीच काचेवर लिहून जाहीर करायचा. दोन आकड्यांत जितकं अंतर, तितकं आधी हळू गाडीला सोडायचं. आणि जो स्वतःच्या आकड्यापेक्षा जलद पोचेल, तो बाद. पुढे असला तरी बाद. लपवाछपवी करणाऱ्याला तिथे जागा नव्हती. हे आकडे लिहायचे बुटांच्या पांढऱ्या पॉलिशने, कारण ते उन्हात दिसतं आणि ओल्या फडक्याने घासलं की जातं. ऑर्व्हिलच्या खिशात ती बाटली कायम असायची, आणि सगळ्यांचे आकडे तोच लिहायचा. त्याच्या सातच्या पोटातून एक आडवी रेघ जायची, कमरपट्टा बांधल्यासारखी. समुद्रापलीकडच्या कार्पेथियन डोंगरातून आलेल्या आजोबांनी त्याला तसा सात शिकवला होता. शाळेतल्या बाईंनी त्यापायी गुण कापले, तरी त्याने पट्टा सोडला नाही. सगळ्या तालुक्यात तसा सात दुसरा कोणी काढत नसे.

युनियनच्या हॉलबाहेरची पाटीही त्याच्याच हातची. १९८१ साली कारखान्याच्या दोन पाळ्या बंद झाल्या, माणसं घरी बसली, आणि जपानी गाडी हा शब्द गावात शिवीसारखा वापरला जाऊ लागला. कामगार दिनाच्या सहलीला भंगारातून एक छोटी जपानी गाडी ओढून आणली आणि लोकांनी रांग लावून तिच्यावर घण घातले. पहिला घण ऑर्व्हिलचा होता. दिवा फुटला तेव्हा टाळ्या पडल्या. घरी गेल्यावर जेवताना त्याने चमचा डाव्या हातात धरला. त्याने लॉरेटाला सांगितलं की घण जड होता. पुढच्या आठवड्यात त्याने पाटी रंगवली. 'या आवारात फक्त अमेरिकी गाड्या. बाकीच्या ओढून नेल्या जातील.' खाली ओढून नेणाऱ्याचा फोन नंबर, त्यात दोन सात, दोघांच्या कमरेला पट्टे.

पाटीचा धाक खरा होता. गस टॉलिव्हरच्या मुलाने जपानी ट्रक घेतला तेव्हा गसशी वर्षभर कोणी धड बोललं नव्हतं. शुक्रवारच्या टेबलावरून गसची थाळी उचलून भिंतीकडच्या टेबलावर ठेवली होती ती ऑर्व्हिलने.  गस भिंतीकडे तोंड करून जेवला आणि मग यायचाच बंद झाला. पुढे तो फ्लोरिडाला गेला आणि तिथेच वारला. ती थाळी ऑर्व्हिलला अलीकडे वारंवार आठवत होती.

कारण तीन वर्षांपूर्वी त्याची थोरली बहीण विल्मा गेली. ओहायोत शिक्षिका होती, एकटी राहायची, कोणाचं ऐकायची नाही. तिने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, 'ऑर्व्हीला माझी गाडी. त्याला राग येईल, पण त्याच्या गुडघ्याला येणार नाही.' ही गाडी ओहायोतल्या माणसांनी ओहायोत जोडलीय, असं विल्मा आयुष्यभर सांगत आली होती. ऑर्व्हिल म्हणायचा, नाकावरचं चिन्ह बघ आणि मग बोल.

तो ती विकायच्या इराद्यानेच घरी घेऊन आला. पण तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की यापुढे क्लच दाबायचा नाही. जांभळीचा क्लच म्हणजे विहिरीवरचा दगड सरकवण्यासारखं काम. विल्माच्या गाडीला क्लचच नव्हता. पहिल्या हिवाळ्यात, अंगणातला पाण्याचा नळ फुटला त्या सकाळी, ती एका किल्लीत सुरू झाली. आत पेपरमिंटचा वास होता आणि समोरच्या कप्प्यात विल्माचे विणलेले हातमोजे होते. ऑर्व्हिलने ते हातमोजे बाहेर काढले, पुन्हा आत ठेवले, आणि गाडी विकायचं बोलणं बंद केलं.

मग लपवाछपवी सुरू झाली. गाडी घरामागच्या कोठारात राहायची. वाणसामान आणायला तो शेजारच्या गावी जायचा. शुक्रवारी चर्चमागे. लॉरेटाला हॉलमध्ये नेण्यासाठी तिची मैत्रीण येई. ऑर्व्हिलला चालायचं असतं, असं सांगून ठेवलेलं.

"लोकांचे नवरे बाई लपवतात," लॉरेटा म्हणायची. "माझ्या नशिबी गाडी. तीही वापरलेली."

"हळू बोल."

"कोण ऐकतंय? ती? तिला इंग्रजी येतं, ओहायोची आहे."

तेल बदलायला तो तीस मैलांवर पॉन्टिअ‍ॅकला जायचा. तिथे एका बेकरीमागच्या गल्लीत पाकू लोर नावाच्या बाईचं गॅरेज होतं. तेहेतिशीची, ठेंगणी, मनगटापर्यंत काळी झालेली. घराणं ह्मोंग, लाओसच्या डोंगरातून आलेलं. तिची आई कोपऱ्यात शेगडीवर मांस आणि कोबी भरलेल्या सुरळ्या तळत असायची आणि थांबलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात न विचारता दोन द्यायची. ऑर्व्हिलने तिथे स्वतःचं नाव ओल्सन सांगितलं होतं. काम झालं की पाकू काचेवर चिठ्ठी चिकटवायची, पुढचं तेल इतक्या मैलांवर. त्याला छापील चिठ्ठ्या आवडत नसत. तो ती काढायचा, खिशातली बाटली काढून मागच्या काचेच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने आकडा लिहायचा, सत्याण्णव हजार वगैरे, आणि निघायचा. हाताची सवय. त्यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं. पाकू एकदा तो आकडा बघत बराच वेळ उभी राहिली होती. त्याला वाटलं, आवडलं असेल अक्षर.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी जुन्या अमेरिकी गाड्या विरुद्ध जपानी गाड्या अशी मोठी शर्यत असायची, दहा विरुद्ध दहा. सहा वर्षांत तीन-तीन अशी बरोबरी झाली होती. म्हातारे त्या गाड्यांना भातावर चालणाऱ्या गाड्या म्हणायचे आणि ती मंडळी यांच्या गाड्यांना चाकं लावलेले सोफे. एक प्रथा होती. हरलेल्याने जिंकलेल्याच्या गाडीत बसून परत यायचं, काच पूर्ण खाली करून, म्हणजे सगळ्यांना तोंड दिसलं पाहिजे.

तीन वर्षं ऑर्व्हिल धावला नव्हता. एका वर्षी गियरबॉक्स, दुसऱ्या वर्षी गॅस्केट, तिसऱ्या वर्षी साळ्याचं लग्न. २००३ साली एल्डन प्रुइटने त्याला न विचारता त्याचं नाव टाकलं. एल्डन हॉलचा चिटणीस, ऑर्व्हिलचा चाळीस वर्षांचा मित्र, आणि गावातला सगळ्यात तिखट तोंडाचा माणूस.

"जांभळी गंजली काय रे?" त्याने विचारलं. "का मालक गंजला?"

ऑर्व्हिल धावतो म्हणाला. घरी आल्यावर लॉरेटाने त्याला सरळ सांगितलं की नाही म्हण, गुडघा सांग, खरं सांग. पण गुडघा सांगितला तर विचारतील, मग तू इकडेतिकडे फिरतोस कशात, असं त्याला वाटलं. त्याच्या डोळ्यांपुढे गसची थाळी आली. यावेळी ती उचलणारा हात एल्डनचा होता.

रविवारी दुपारी चिठ्ठ्या काढल्या. ऑर्व्हिलसमोर पी. लोर असं नाव आलं. त्याच्या काही लक्षात आलं नाही. तो पॉलिशची बाटली घेऊन नेहमीप्रमाणे ओळीने सगळ्यांच्या काचांवर आकडे लिहीत गेला, आधी आपल्यांच्या, मग त्यांच्या. शेवटी एक पांढरी, छोटी, मागून दार उघडणारी गाडी होती. बॉनेटखालून डोकं वर आलं, आणि ती पाकू होती.

ऑर्व्हिलच्या हातातली बाटली तशीच राहिली. दहा पावलांवर एल्डन उभा होता.

"चौदा पूर्णांक सत्तावीस," पाकू म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं काही नव्हतं.

त्याने लिहिलं. एक, चार, दोन. मग सात, आणि सातला रेघ.

ती पुढे वाकून आकडा बघितल्यासारखं करत हळूच म्हणाली, "ओल्सन, तुमच्या गाडीचं तेल पुढच्या महिन्यात आहे. विसरू नका."

"पोरी, इथे नको," तो पुटपुटला. "माझं इथे चाळीस वर्षांचं..."

"गिऱ्हाइकाची गोष्ट माझ्या गॅरेजच्या दाराबाहेर जात नाही," ती म्हणाली आणि बॉनेट बंद केलं.

हे ऐकून हायसं वाटायला हवं होतं. पण स्वतःच्या गाडीकडे परत जाताना त्याच्या मनात आलं, की एका परक्या बाईने आपली लाज झाकावी, आणि ती लाज म्हणजे काय, तर बहिणीने प्रेमाने दिलेली गाडी. जांभळीच्या काचेवर त्याने स्वतःचा आकडा लिहिला, तेरा पूर्णांक सत्तर. तीन वर्षांपूर्वीचा आकडा. गुडघ्याचा हिशेब त्यात धरलेला नव्हता.

त्यांची जोडी शेवटची. तोवर पाच-चार झालं होतं, जुन्यांचे पाच. ऑर्व्हिल हरला तर बरोबरी. ऊन मघाशी कडक होतं, पण आता ढग आला आणि वारा एकदम गार झाला. लोकांनी टोप्या सावरल्या.

नियमाने पाकूला अर्ध्या सेकंदाहून थोडं आधी सोडायचं होतं. कठड्यावरून कोणीतरी ओरडलं, जाऊ द्या पुढे, पाहुणी आहे. दिव्यांच्या खांबावर पिवळे तीन खाली उतरले, तिच्या बाजूचा हिरवा लागला आणि पांढरी गाडी शिट्टी वाजवत सुटली. मग त्याचा हिरवा. पहिला गियर बरा गेला. जांभळीने नाक वर केलं, छातीत तो जुना धक्का बसला, आणि क्षणभर ऑर्व्हिल तीस वर्षांचा होता. दुसराही गेला. तिसऱ्यासाठी त्याने क्लच दाबला आणि गुडघ्यात कोणीतरी पाचर मारली. पाय खाली गेलाच नाही. गियर खरवडला, इंजिन मोकळंच किंचाळलं. कसाबसा, दोन्ही हातांनी मांडी खाली रेटून, त्याने तिसरा घातला. तोवर पांढरी गाडी रेघेपलीकडे गेली होती.

तो रेघ ओलांडून घरंगळत पुढे गेला आणि वाटेच्या टोकाला गवताच्या कडेला थांबला. इंजिन आपोआप बंद पडलं. हरलो, असं त्याला वाटलं, आणि त्याहून मोठी गोष्ट ही की आता गाडी मागे न्यायला पाय उरला नव्हता. कोणीतरी येईल. विचारेल.

तेवढ्यात भोंग्यातून निकाल आला. पाकू लोर, चौदा पूर्णांक एकवीस. स्वतःच्या आकड्यापेक्षा सहा शतांश जलद. बाद. गार हवेत इंजिनाला जोर चढतो, म्हणून तिची गाडी तिच्याही अपेक्षेपेक्षा चपळ झाली होती. बोदनार विजयी, आणि त्याची वेळ, पंधरा पूर्णांक चार, भोंगेवाल्याने दोनदा वाचली, कारण त्याचा स्वतःचा विश्वास बसत नव्हता.

पाकू आपली गाडी कडेला लावून चालत आली. प्रथेप्रमाणे तिला त्याच्या गाडीत बसून परत जायचं होतं. तिने खिडकीतून त्याचा चेहरा पाहिला, मग त्याच्या मांडीवरचे दोन्ही हात.

"सरका," ती म्हणाली.

"ही गाडी दुसऱ्या कोणी चालवलेली नाही. लॉरेटानेसुद्धा नाही."

"मग लॉरेटाबाईंना सांगू नका. सरका."

तो सरकला. तिने आसन पुढे ओढलं, दोन्ही काचा खाली केल्या, आणि जांभळीचा क्लच दाबताना तिच्या तोंडून तिच्या भाषेत काहीतरी निघालं. गाडी हलली. परतीचा रस्ता वाटेला समांतर, कठड्याजवळून जाणारा. ती हळू चालवत होती.

"मला आधीपासून माहीत होतं तुम्ही ओल्सन नाही," समोर बघत ती म्हणाली. "मी आठवीत होते तेव्हा माझे वडील तुमच्या हॉलची फरशी पुसायला यायचे. कधीकधी मीही यायचे. बाहेर बसून पाटी वाचायचे. या साताला पट्टा का बांधलाय, असं मी त्यांना विचारायचे. तुम्ही माझ्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा काचेवर लिहिलंत ना, त्याच दिवशी कळलं."

 ऑर्व्हिलने विचारलं, "तेव्हा तुमची गाडी जपानी होती?"

"तीच परवडत होती. धान्याच्या गोदामापाशी लावायचो आणि चालत यायचो."

गोदाम चर्चच्याही पलीकडे होतं, पाऊण मैल आणखी. ते अंतर आता त्याला गुडघ्यात कळत होतं.

"मग माझं काम का केलंस तू?"

 "तुमच्या गाडीचं तेल काळं झालं होतं," ती म्हणाली.

कठड्याशी सगळा क्लब गोळा झाला होता. जांभळी जवळ आली तशी माणसं कठड्यावरून वाकून बघायला लागली. हरलेली बाई चाकावर आणि जिंकलेला अध्यक्ष शेजारी, असं त्या रस्त्यावर कोणी पाहिलं नव्हतं. एल्डन पुढे आला आणि खिडकीत वाकला.

"आता मला नीट सांगा," तो म्हणाला. "हरलं कोण?"

कोणीतरी हसलं. ऑर्व्हिलला सहज म्हणता आलं असतं की गियर अडकला, गाडी जुनी आहे. जिभेवर आलंही होतं. त्याने दार उघडलं, दाराला धरून उभा राहिला.

"मला क्लच दाबता येत नाही," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. मी विल्माची गाडी चालवतो. जपानी आहे. शुक्रवारी चर्चमागे लावतो आणि चालत येतो. पाटी मी रंगवलीय आणि गसची थाळी मी उचलली होती. तुम्हाला काय करायचं ते करा."

 दूर कुणाच्या तरी गाडीचा पंखा फिरत होता.

"करडी?" एल्डनने विचारलं. "चार दारांची?"

"हो."

"मागच्या काचेवर पांढऱ्या पॉलिशने हा एवढा सात? कमरपट्ट्यासकट?"

ऑर्व्हिलचा हात खिशातल्या बाटलीकडे गेला.

"आम्ही तीन वर्षं विचार करतोय, कोणाची असेल," एल्डन म्हणाला.

आणि मग तो हसायला लागला. हसता हसता त्याने कठडा धरला. मागचे लोक, जे इतका वेळ तोंड दाबून होते, तेही फुटले. ऑर्व्हिल उभाच होता. ज्या माणसाचं अक्षर गावातल्या प्रत्येक काचेवर आहे, त्याने लपवायच्या गाडीवर ते स्वतःच्या हाताने काढून ठेवावं, आणि दर चार महिन्यांनी ताजं करावं.

"मग बोलला का नाहीत?"

"पाटी तुझी. म्हटलं, तुलाच एक दिवस कंटाळा येईल." एल्डन डोळे पुसत होता. "आणि खरं सांगू? माझ्या घरी सुनेची जपानी उभी आहे. कोठारात. तू बघशील म्हणून मी तिला रविवारी बाहेर काढू देत नाही."

मग एकेकाचं निघत गेलं. कोणाच्या मुलीची, कोणाच्या जावयाची. ऑर्व्हिलने आठवून बघितलं. चर्चमागचा बर्फ दर शुक्रवारी दुपारीच उपसलेला असायचा, बरोबर एका गाडीपुरता. पाद्रीबुवा चांगले आहेत, तेच उपसत असतील असं मला वाटायचं, तो म्हणाला.

"पाद्रीबुवांना फावडं कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नाही," एल्डन म्हणाला. "मी उपसत होतो. तू बर्फात पडलास तर तुझी शवपेटी उचलायला मीच ना पुढे."

ऑर्व्हिल कठड्याशी खाली बसला. कारखान्यात पाळी संपल्याचा भोंगा झाला की सगळी यंत्रं एकदम थांबायची, आणि कान सुटल्यासारखे व्हायचे. तसं त्याला झालं. एल्डनने कुणाच्या तरी डब्यातला बर्फ टोपीत घालून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. पाकूची आई गर्दीतून आली आणि न विचारता दोन सुरळ्या त्याच्या हातात देऊन गेली.

जांभळी एल्डनवर सोपवून लॉरेटाने मैत्रिणीबरोबर जाऊन घरून करडी आणली, आणि परतताना चालवायलाही तीच बसली. बायकांना पहिल्या हिवाळ्यातच कळलं होतं, असं तिने त्याला सांगितलं.

"मग ते चालण्याचं कौतुक?"

"तुला चालता ठेवायला. डॉक्टरांनी दोन वेळा 'रोज चाला' सांगूनही तू ऐकत नव्हतास."

"तू तरी सांगायचंस."

"तू विचारलं नाहीस," लॉरेटा म्हणाली. "आणि मैत्रिणीच्या गाडीत गरम आसनं आहेत."

शुक्रवारी ऑर्व्हिल पावणेपाचलाच हॉलवर गेला. करडी गाडी आवारात, दारापासून तिसऱ्या जागेवर लावली. मागून पांढऱ्या रंगाचा डबा, ब्रश आणि घडीची शिडी काढली. एल्डन बाहेर आला आणि शिडी धरून उभा राहिला. ऑर्व्हिलने पहिली ओळ पुसली, मग दुसरी. जुनी अक्षरं चांगली जाड होती. दोन हात मारावे लागले. तो नंबरापाशी आला तेव्हा एल्डन म्हणाला, "सात तेवढे ठेव."

"नुसते?"

"नुसते. वाचणारे वाचतील."

म्हणून ती पाटी अजून तशी आहे, पांढरी, आणि खालच्या कोपऱ्यात दोन सात, कमरेला पट्टे बांधून शेजारी उभे. बाहेरचा माणूस विचारतो तेव्हा ज्याला जे सुचेल ते तो सांगतो.

ऑर्व्हिलने बोलावल्याप्रमाणे साडेपाचला पाकू आली. शेजारी तिचे वडील होते, बारीक, इस्त्रीचा सदरा घातलेले. ते आवाराच्या तोंडाशीच गाडी थांबवायला सांगत होते, हे लांबूनही दिसत होतं. ऑर्व्हिल लंगडत पुढे गेला आणि दोन्ही हातांनी खुणा करत त्यांना आत घेतलं, अगदी दारासमोरच्या जागेपर्यंत. तिथून हॉलचा उंबरा सहा पावलांवर होता. म्हाताऱ्याने खाली उतरून आधी पाटीकडे पाहिलं, मग ऑर्व्हिलच्या हातावरच्या पांढऱ्या रंगाकडे.  आत मासे तळल्याचा वास येत होता, आणि एल्डन ओरडत होता की थाळ्या कमी पडतायत, भिंतीकडचं टेबल मध्ये ओढा.

ऑर्व्हिलने टेबलाचं एक टोक धरलं. दुसरं म्हाताऱ्याने.